मूळपुरुष

बाळापूरच्या मूळपुरुषाचं वय सध्या एकाहत्तर आहे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, त्या दिवसापासून ते आपल्या घराण्याचा मूळपुरुष शोधताहेत. तो लागायचा तेव्हा लागेल. गावानं नाव मात्र त्यांनाच देऊन टाकलं. तोंडावर सगळे 'काकाजी' म्हणतात. पाठ फिरली की, "मूळपुरुष वाचनालयात गेले काय?"

काकाजींच्या खांद्याला कापडी पिशवी असते. तिच्यात भिंग, मोडी शिकायचं पुस्तक, शेंगदाण्याची पुडी आणि ड्रॉइंगच्या कागदाला कागद चिकटवत वाढवलेली वंशावळ. पंगतीत उलगडली तर चार पानं अडतील एवढी लांब. खाली नातवंडं दाटीवाटीनं बसलेली आणि सगळ्यांत वर एक रिकामा चौकोन. त्या चौकोनात कोणाला बसवायचं, हा काकाजींचा प्रश्न आहे आणि ऐकणारा सापडला की तो त्याचाही होतो.

उमेदवार कमी नव्हते. पहिली निवड मिर्झाराजे जयसिंगांच्या फौजेतल्या एका सरदाराची. बाळापुरात नदीकाठी राजांची छत्री आहे, तेव्हा फौज आली असणार, आणि फौज आली म्हणजे तीत आमचा कोणीतरी असणारच, असा सरळ हिशेब. पानठेल्यावर त्यांनी हे जाहीर केलं. ठेलेवाला चुना लावता लावता म्हणाला, "म्हंजे काकाजी, तुमचे पूर्वज महाराजायच्या इरोधात लढाले आलते का?" पुरंदरचा तह 1665 चा, आणि तो कोणी कोणावर लादला हे मुख्याध्यापकानं वर्गात तीस वर्षं शिकवलेलं. त्या रात्री खोडरबर चाललं.

मग 1720. त्या साली बाळापूरजवळ निजामानं आलम अलीखानाचा पाडाव केला. आलम अलीच्या बाजूनं मराठी फौजही होती, म्हणून पूर्वज तिच्यात घातला. पण ती बाजू हरली. हरलेला पूर्वज पत्रिकेत छापता येत नाही, असं थोरल्या चिरंजीवांनी लग्नाच्या तोंडावर बजावलं. आता किल्ला उरला. औरंगजेबाचा मुलगा आझमशहानं तो बांधायला घेतला आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान यानं 1757 मध्ये पुरा केला. "इतकी वर्षं काम चाललं," काकाजी म्हणतात, "म्हंजे कोनीतरी हिशेब ठेवणारा पाह्यजेच." तो कोण, हे सांगायची गरज त्यांना वाटत नाही. सरदारकीवरून कारकुनीवर आलेला हा पूर्वज सध्या पेन्सिलनं लिहिलेला आहे.

वाचनालयात त्यांची खुर्ची ठरलेली. इतिहासाचं कोणतंही पुस्तक ते शेवटाकडून उघडतात. आधी सूची; तिच्यात आपलं आडनाव नसेल तर लेखकाचा अभ्यास कच्चा. 1910 चं अकोला जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर या परीक्षेत नापास झालं. या. मा. काळ्यांच्या 1924 च्या 'वऱ्हाडचा इतिहास'ला काठावर पास केलं, कारण काळे बुलढाण्याचे, आपल्या मुलखातले. तरीही समासात बारीक अक्षरात 'हे तपासावे' असे शेरे आहेत, जणू काळे अजून दुसऱ्या आवृत्तीच्या तयारीत आहेत. ग्रंथपालबाई म्हणतात, "काकाजी, पुस्तकावर लिहू नका." काकाजी म्हणतात, "बाई, म्या लिहत नाई, दुरुस्ती करतो."

अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त बाळापूरच्या दोन नद्यांकाठच्या रंगीत दगडांची नोंद केली आहे. आपल्या मन आणि म्हैस त्या. अकबराच्या दरबारातून आपल्या गावाची दखल घेतली गेली, याचा काकाजींना इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी ते पिशवीभर गोटे घेऊन आले. पंख्याखाली वर्तमानपत्रं उडू नयेत म्हणून बाईंनी ते ठेवून घेतले. काकाजींच्या संशोधनातून वाचनालयाला झालेला हा पहिला लाभ.

मोडी ते चांगली वाचतात, हे कबूल केलं पाहिजे. पण मोडी लिहिणारा शब्दांमध्ये जागा सोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही, आणि कागद कसरीनं खाल्लेला. जिथं अक्षर लागत नाही तिथं काकाजींना हमखास आपलं आडनाव दिसतं. यवतमाळच्या शारदाश्रमात महानुभावांच्या पोथ्या आहेत असं कळल्यावर तेही करून आले. अकोल्याचं बाबूजी देशमुख वाचनालय तर त्यांना मामाच्या घरासारखं. शेवटी नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे गेले. गुरुजींनी वही काढली, आणि खरंच पणजोबा सापडले! गाव बाळापूर, मुलांची नावं, खाली अंगठा. आणि शेवटी एक ओळ: दक्षिणा पुढील खेपेस. गुरुजींनी हात पुढे केला. घराण्याचा हा एकमेव सिद्ध झालेला दस्तऐवज आणि तोही उधारीचा. काकू म्हणतात, "यायले मेलेल्या मानसायचे नावं पाठ हायेत, अन् नातू कोन्त्या वर्गात हाये ते इचारा."

एवढं सांगून थांबलो तर काकाजींवर अन्याय होईल. कारण जून उजाडला की हाच माणूस तालुक्यातला सगळ्यांत उपयोगी माणूस ठरतो. पोराला कॉलेजात प्रवेश घ्यायचा, जात पडताळणी करायची, आणि त्यासाठी जुना पुरावा: अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. तो असतो शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, नाही तर गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींच्या कोतवाल बुकात. आणि कोतवाल बुक म्हणजे कोडं. त्यात बापाचं नाव, जात आणि 'मुलगा झाला' एवढंच. बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच, कारण कोतवाल बारशापर्यंत थांबत नव्हता. चार भाऊ आणि 'मुलगा' एकच, मग तो कोणता? काकाजी शेंगदाणे खात विचारत बसतात: थोरली आत्या कोणाच्या आधीची? बैल मेला त्या साली कोण रांगत होतं? अर्ध्या तासात 'मुलगा' आपल्या नावानिशी उभा राहतो. इथं ते कधी अंदाज करत नाहीत. दुसऱ्याच्या पणजोबाला त्यांनी आजवर एकदाही सरदार केलेलं नाही.

फक्त 1899-1900 च्या दुष्काळातली मृत्यूची पानं समोर आली की ते भराभर उलटतात. नावाला नाव लागून, कारणाच्या रकान्यात पटकी, ताप, पुन्हा पटकी. मूळपुरुष भुकेनं मेलेला चालत नाही. माझं विचाराल तर त्या रिकाम्या चौकोनाचा धनी याच पानांत कुठंतरी आहे.

तेव्हा जुनी नोंद हवी असेल त्यांनी काकाजींना जरूर गाठावं. येताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला चार प्रश्न विचारून यावं, पणजोबांचं गाव पक्कं करून यावं. त्यांनी पिशवीतून वंशावळीची गुंडाळी काढली की अकोल्याची बस धरायची आहे म्हणून उठावं. आणि नक्कल तहसीलच्या रेकॉर्ड रूममधूनच, अर्ज करून, शिक्क्यासह घ्यावी. पडताळणी समितीला शिक्का लागतो; काकाजींचा शेरा चालत नाही.