थकल्याभागल्यांसाठी

फुटबॉलपटू थकले आहेत, ही वार्ता अखेर वरपर्यंत पोचली. उपायही हाताशी होता: देशोदेशीच्या लीग लहान करा. फ्रान्सने २०२३-२४ पासून २० संघांचे १८ केले, इंग्लंडनेही करावेत. म्हणजे ३८ ऐवजी ३४ सामने, खेळाडूला चक्क चार सामन्यांची उसंत!

ही उसंत वाया जाऊ नये, याची तजवीज आधीच झाली आहे. चॅम्पियन्स लीगचे १२५ सामने २०२४ मध्ये १८९ झाले, क्लब विश्वचषक ३२ संघांचा झाला, २०२६चा विश्वचषक १०४ सामन्यांचा. रिकामपण वाईटच. सप्टेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीच्या रॉड्रीने संपाची भाषा केली. आठवड्याच्या आत त्याच्या गुडघ्याने त्याला जवळजवळ मोसमभराची रजा मंजूर केली. अर्ज, शिफारस, काही लागले नाही.

क्लबांची कळकळही वाखाणण्याजोगी. मे २०२४ मध्ये लीग संपल्यावर तिसऱ्याच दिवशी टॉटनहॅम आणि न्यूकॅसल मेलबर्नमध्ये मैत्रीपूर्ण सामना खेळले. शिणलेल्या माणसाला हवापालट हवाच.

तेव्हा १८ वर थांबू नये. दहा करा, चार करा. खरी आदर्श लीग एकाच संघाची: सामना नाही, दुखापत नाही, विजेता ऑगस्टमध्येच जाहीर. मोकळ्या झालेल्या ३८ तारखांसाठी नवा चषक घडवायला टाकता येईल, शक्यतो वेगळ्या खंडात.

मोसमी तिकिटाचा दर तेवढा कायम ठेवावा. प्रेक्षक थकल्याची तक्रार अद्याप कुणी नोंदवलेली नाही.