आयएमपी सर

जानेवारी सरत आला की महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीत, आयएमपी सरांचा हंगाम सुरू होतो. पत्र्याखाली मुलं दाटीवाटीने बसलेली असतात, पंखा वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करत असतो आणि सर बालभारतीचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ उघडून समासात चांदण्या मारायला सांगत असतात. एक चांदणी म्हणजे ‘नजर टाका’, दोन म्हणजे ‘करूनच जा’ आणि तीन म्हणजे ‘आलाच समजा’. पुस्तकात दहा धडे आहेत. त्यांत आनुवंशिकता आहे, पेशीविभाजन आहे, झाडांचं आणि माणसांचं प्रजनन आहे, स्पंजापासून सस्तनांपर्यंत सगळे प्राणी आहेत. सरांच्या हाताखालून गेल्यावर या धड्यांचे दोनच प्रकार उरतात: मार्क पाडून देणारे आणि ऑप्शनला टाकण्याजोगे. या सरांविषयी समाजात दोन मतं आहेत. पालकांच्या मते ते देवमाणूस आहेत. चर्चासत्रांत बोलणाऱ्या शिक्षणतज्ज्ञांच्या मते विज्ञानाचे मारेकरी. मला दोन्ही मतं अपुरी वाटतात. दहावीच्या जीवशास्त्राच्या परिसरात हाडाचा वैज्ञानिक कुणी आढळत असेल, तर तो आयएमपी सर हाच, असं माझं म्हणणं आहे. त्यांनी अभ्यासाला घेतलेला जीव तेवढा वेगळा आहे. झाड, प्राणी, माणूस यांच्याकडे त्यांचं लक्ष नसतं. ते प्रश्नपत्रिकेचा अभ्यास करतात.

पुरावा हवा असेल तर त्यांची कामाची पद्धत पाहा. निसर्गाचा अभ्यासक एखाद्या पक्ष्याचं जे जे टिपून ठेवतो, ते सगळं सरांनी प्रश्नपत्रिकेचं टिपून ठेवलेलं असतं. तिचा वावर कुठल्या महिन्यात असतो, ती कुठल्या धड्यात जास्त रमते, कुठल्या धड्याला नुसतं चोच लावून उडते, हे त्यांना पाठ असतं. तिची शरीररचना तर ते झोपेतही सांगतील. चाळीस मार्कांचा पेपर, दोन तास. पहिला प्रश्न वनलायनरचा: पर्याय निवडा, जोड्या लावा, सहसंबंध ओळखा, गटात न बसणारा शब्द शोधा. दुसऱ्यात शास्त्रीय कारणं. तिसऱ्यात तीन-तीन मार्कांचे पाच, आणि शेपटीला पाच मार्कांचा एकच. आतापर्यंत येऊन गेलेले सगळे पेपर सरांच्या फायलीत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जपून ठेवलेले असतात; शाळेच्या प्रयोगशाळेत फॉर्मलिनच्या बरण्यांतल्या नमुन्यांवर जितकी धूळ असते, तितकी या फायलीवर कधी साचत नाही. वर्गीकरणाच्या बाबतीतही सर काटेकोर. कासव पाण्यात राहतं, जमिनीवरही राहतं, मग ते उभयचर का नाही, हा प्रश्न त्यांच्या लेखी सरीसृप वर्गातला नसून दोन मार्कांच्या वर्गातला असतो. कासव जन्मभर फुफ्फुसानेच श्वास घेतं, हा एक मुद्दा. त्याची त्वचा कोरडी आणि खवल्यांची असते, हा दुसरा. दोन मुद्दे, दोन मार्क. ‘तिसरा मुद्दा लिहिलात तर तो बोर्डाला दान,’ असं सर बजावतात, आणि बिचारं कासव तिथेच संपतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, सरांची भाकितं खोटी पाडताच येत नाहीत, मग हे कसलं विज्ञान? आक्षेपात तथ्य आहे. सरांच्या प्रणालीत तीन नियम एकाच वेळी नांदतात. एखादा प्रश्न गेल्या वर्षी आला असेल तर यंदा येणार नाही. गेल्या वर्षी आला नसेल तर यंदा नक्की येणार. आणि लागोपाठ दोन वर्षं आला असेल तर तो बोर्डाचा लाडका आहे, सोडू नका. निकाल काहीही लागला तरी या तिघांपैकी एक नियम ताठ मानेने उभा असतो. पण याच पुस्तकात लॅमार्कही आहे. आयुष्यभर मान ताणून जिराफाची मान लांब झाली आणि ती पिल्लांकडे गेली, हा त्याचा विचार पुढे टिकला नाही. तरीही लॅमार्कवाद लिहिला की मार्क मिळतात आणि पूर्ण मिळतात. न टिकलेल्या सिद्धान्ताला विज्ञानाच्या पेपरात इतका मान असेल, तर सरांच्या तीन नियमांनीच काय घोडं मारलं आहे? शिवाय मोजदाद करण्यात सर कमी पडत नाहीत. मेंडेलने मठाच्या बागेत १८५६पासून आठेक वर्षं वाटाण्याची सुमारे २८ हजार रोपं तपासली, दाणे गोल की सुरकुतलेले ते मोजत बसला आणि त्या आकड्यांतून नियम काढला. सरही मोजतातच. फुलाची आकृती किती वेळा आली, ‘फरक स्पष्ट करा’मध्ये सूत्री आणि अर्धसूत्री विभाजन किती वेळा आलं, हे त्यांना तारीखवार सांगता येतं. मेंडेलशी त्यांचं नातं एवढ्यावरच थांबतं, कारण माध्यमिक शाळेत शिक्षक होण्याची परीक्षा मेंडेल १८५०मध्ये नापास झाला आणि १८५६मध्ये दुसऱ्यांदा बसूनही त्याला ती जमली नाही. सरांच्या क्लासला असता तर सुटला असता. वाटाणे मात्र राहिले असते.

आता थोडं आकृतीविषयी, कारण सरांची खरी तपश्चर्या तिथे आहे. टोकदार एचबी पेन्सिल, रेषा एकेरी, छटा नाही, नावं उजवीकडे एकाखाली एक, निर्देशक रेषा एकमेकींना छेदायच्या नाहीत. फुलाचा उभा छेद मुलं इतक्या वेळा काढतात की, अखेर हात आपोआप चालतो. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. कुक्षी वर, कुक्षीवृंत मध्ये, अंडाशय खाली. चार मिनिटांत आकृती पूर्ण. आता या मुलाच्या घराच्या परसात पाहावं. तिथे जास्वंद आहे आणि तिचं फूल आजीने रोज गणपतीला वाहिलेलं आहे. ते फूल कुणी ब्लेडने उभं चिरून पाहिलं, तर पंचाईत होते. सरावाच्या आकृतीत पुंकेसर स्त्रीकेसराभोवती सुटे सुटे, शिस्तीत उभे असतात. जास्वंदीत ते सगळे एकमेकांना चिकटून त्यांची एक लांब नळी झालेली असते. पिवळे परागकोश त्या नळीच्या बाहेरून, वरच्या अर्ध्या भागात लोंबत असतात. कुक्षीवृंत नळीच्या आतून, कुणाला न दिसता वर जातो, टोकाशी बाहेर डोकावतो, तिथे त्याचे पाच फाटे होतात आणि प्रत्येक फाट्यावर मखमली लाल ठिपका असतो. तळाशी अंडाशयात कप्पेही पाचच. भरगच्च पाकळ्यांची जास्वंद घेतली तर घोळ आणखी वाढतो, कारण तिच्या बऱ्याचशा पुंकेसरांच्याच पाकळ्या होऊन बसलेल्या असतात. ही गोष्ट सरांना माहीत नसते असं समजू नये. बहुतेक सर बी.एस्सी. झालेले असतात, त्यांनी कॉलेजात जास्वंद चिरलेली असते. पण मुलाने फूल आणून शंका विचारली की ते शांतपणे सांगतात, ‘जास्वंद परीक्षेला येत नाही, आकृती येते.’ आणि हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. निरीक्षणातून काढलेला निष्कर्ष आहे तो. फक्त निरीक्षण फुलाचं नाही, पेपराचं आहे.

सरांची बाजू घेणारे इथे म्हणतील की पाठांतराला उगाच नावं ठेवू नका. मला ते मान्य आहे. जीवशास्त्र हा नावांचा विषय आहे. कंटकचर्मी, संधिपाद, मृदुकाय ही नावंच येत नसतील तर तारामासा, झुरळ आणि गोगलगाय यांच्याविषयी बोलायचं कशाने? पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था हा क्रम डोक्यात पक्का असल्याशिवाय कांद्याच्या मुळाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली तरी निळसर ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. तेव्हा घोकंपट्टी हा सरांचा गुन्हा नव्हे. नावं पाठ झाली की त्यांच्या जोरावर काहीतरी बघायला जायचं असतं. इथे पाठांतर संपताच उजळणी सुरू होते आणि उजळणी संपताच प्रिलिम. प्रयोगवहीचं तर विचारू नये. निरीक्षणाच्या रकान्यात वर्गातल्या सगळ्यांचं निरीक्षण शब्दशः एकच, तेही गेल्या वर्षीच्या बॅचच्या वहीतून उतरवलेलं. सूक्ष्मदर्शकाचं कपाट कुलूपबंद राहतं, कारण भिंग फुटलं तर भरून कोण देणार? हाही प्रश्न काही खोटा नाही.

दुसरा बचाव वेळेचा आणि पैशाचा. दहावीचा टक्का म्हणजे अकरावीचं कॉलेज, त्यापुढची शाखा, आणि काही घरांत सगळ्या भावकीत मान. आईबापांनी फी भरलेली असते ती मुलाने जास्वंद चिरावी म्हणून नव्हे. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि देऊही नये.

तिसरा बचाव जास्त विचार करायला लावणारा आहे. तो असा की, हे सगळं जुनं झालं. २०१८मध्ये पुस्तक बदललं, आता उपयोजनावर प्रश्न येतात, ओघतक्ता पुरा करायला सांगतात, परिच्छेद देऊन त्यावर विचारतात, स्वतःचं मत मागतात. आयएमपी सरांचे दिवस भरले. हे म्हणणाऱ्यांना उत्क्रांतीचा धडा नीट समजलेला नसावा. परिसर बदलला की जो जुळवून घेतो तो टिकतो, आणि सरांइतकं चटकन जुळवून घेणारा जीव दुसरा नाही. पहिल्याच वर्षी गोंधळ उडाला असेल तेवढाच. पुढच्या हंगामात ‘उपयोजनाचे आयएमपी’ अशी वेगळी झेरॉक्स निघाली. सामाजिक आरोग्याच्या धड्यावर ‘तुमचं मत लिहा’ म्हटलं, तर ते मत तीन मुद्द्यांत फळ्यावर उतरलं आणि वर्गाने वहीत घेतलं. मित्र व्यसनाच्या वाटेला लागला तर तुम्ही काय कराल, याचंही उत्तर ठरलेलं: प्रथम त्याला प्रेमाने समजावीन, मग त्याच्या पालकांच्या कानावर घालीन, शेवटी समुपदेशकाकडे नेईन. अख्ख्या तालुक्याची मुलं आपापल्या मित्रांना एकाच क्रमाने सुधारतात. मुक्त प्रश्नाला बंद उत्तर बसवणं ही सोपी गोष्ट नाही. तिला कौशल्य लागतं.

आणि तरीही याच गोष्टीत सरांविषयी आशा ठेवायला जागा आहे. मानवी प्रजननाचा धडा आठवा. पूर्वी कितीतरी वर्गांत हा विषय ‘घरी वाचून या’ या तीन शब्दांत आटपायचा. सर पान उलटायचे, मुली खाली बघायच्या, मुलं एकमेकांना कोपराने ढोसायची. आज तेच सर, तशाच वर्गात, स्त्री प्रजनन संस्थेची आकृती फळ्यावर काढतात. मुलांकडे पाठ करून काढतात, कान लाल झालेले असतात, आवाज नेहमीपेक्षा अर्ध्या पट्टीने वर असतो. पण अंडाशय, अंडनलिका, गर्भाशय यांतलं एकही नाव गाळत नाहीत आणि ऋतुचक्राचे टप्पेही दिवसांसकट सांगतात. यामागे सरांना झालेला कुठलाही साक्षात्कार नाही. त्या पानावर तीन चांदण्या आहेत. संकोच, संस्कार, शाळा समितीची भीती हे सगळं जिथे हललं नव्हतं, तिथे पाच मार्कांनी काम केलं. पुढे घरात कुणी मुलीला न सांगितलेली गोष्ट तिला निदान आयएमपी म्हणून तरी कळली. सरांना दोष देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: हा माणूस हट्टी नाही. पेपर ज्या दिशेला तोंड करेल, त्या दिशेला तो बिनतक्रार चालू लागतो. त्याचा जीवशास्त्राशी वैरभाव नाही, फक्त आजवर कुणी त्याला जीवशास्त्राची गरज भासू दिलेली नाही.

म्हणून सरांना उपदेश करण्यात अर्थ नाही. विनंती करायची ती पेपर काढणाऱ्यांना. चाळीसपैकी पाचच मार्क द्या, फार नको. प्रश्न असा घाला की, जास्वंदीचं फूल स्वतः चिरून पाहिल्याशिवाय उत्तर लिहिताच येणार नाही: तिची पुंकेसरांची नळी आतून पोकळ असते की भरीव, आणि त्या पोकळीतून काय जातं? पुढच्या वर्षी जास्वंद बदलून धोतरा घ्या, त्याच्या पुढच्या वर्षी गोकर्ण, म्हणजे जुन्या पेपरांच्या फायलीचा उपयोग होणार नाही. नाताळच्या सुट्टीच्या आत सर माडीवर फुलांची पाटी आणि ब्लेडचं पाकीट घेऊन बसलेले दिसतील, आणि तालुक्यातल्या एकाही गणपतीला जास्वंद मिळणार नाही. त्याची तक्रार आली तर ती शिक्षण मंडळाने स्वतःकडे घ्यावी.