बाटलीला सूट कशासाठी?

पॅरिस, रोम किंवा बर्लिनच्या एखाद्या दुकानात द्राक्षाच्या रसाची बाटली उचलली, की मागच्या लेबलवर सगळा तपशील मिळतो. आत काय घातलंय, साखर किती, शंभर मिलिलिटरला उष्मांक किती. शेजारच्या फळीवर शून्य अल्कोहोलची बिअर असते. तिच्यावरही घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता सक्तीचा आहे. त्याच कंपनीची पाच टक्के अल्कोहोलची नेहमीची बिअर मात्र या सक्तीतून मोकळी. ज्या पेयाबद्दल गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त माहिती हवी, त्यालाच कायद्याने गप्प राहायची परवानगी दिली आहे. ही चीड आणणारी गोष्ट आहे, आणि तिचा धागा थेट युरोपीय संसदेच्या समित्यांपर्यंत जातो.

परवानगी लपूनछपून दिलेली नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या अन्नमाहिती कायद्यात, कलम १६ मध्ये ती लिहून ठेवली आहे. १.२ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेल्या पेयावर घटकांची यादी नको, पोषणाचा तक्ताही नको. अल्कोहोलचं प्रमाण आणि ॲलर्जी आणणारे पदार्थ तेवढे छापायचे. वाईनच्या बाटलीवर 'सल्फाइट आहेत' असं वाचायला मिळतं ते त्यामुळेच. याच कायद्याने अक्षर किती उंच असावं तेही ठरवून दिलं: रोमन लिपीतला लहान 'एक्स' निदान १.२ मिलिमीटरचा. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजमाप करणाऱ्या खासदारांना बिअरच्या बाटलीवर कॅलरीची एक ओळ बसवता आली नाही, हे मला पटत नाही.

या कायद्याचा मसुदा युरोपीय आयोगाने जानेवारी २००८ मध्ये मांडला. तो संसदेच्या पर्यावरण आणि सार्वजनिक आरोग्य समितीकडे गेला आणि अहवालाची जबाबदारी जर्मनीच्या खासदार रेनाटे सोमर यांच्यावर आली. दुरुस्त्यांचा पाऊस पडला. पुड्याच्या दर्शनी बाजूला लाल, पिवळा, हिरवा असे दिवे असावेत का, यावर सगळ्यात मोठी भांडणं झाली आणि जून २०१० मध्ये सभागृहाने ते दिवे फेटाळले. बातम्याही दिव्यांच्याच झाल्या. दारूची सूट मात्र अंतिम कायद्यापर्यंत तरली. सोबत एक आश्वासन जोडलं गेलं: १३ डिसेंबर २०१४ पर्यंत आयोगाने या सुटीचा फेरविचार करून अहवाल द्यावा.

इथून पुढचा इतिहास तारखा चुकण्याचा आहे, आणि तो नीट वाचला पाहिजे.

२०१४ चा डिसेंबर आला आणि गेला. २०१५ च्या एप्रिलमध्ये संसदेनेच ठराव करून दारूवर कॅलरी छापण्याचा प्रस्ताव मागितला. अहवाल निघाला मार्च २०१७ मध्ये, सव्वादोन वर्षं उशिरा. त्यात आयोगाने स्वच्छ शब्दांत मान्य केलं की दारूला ही सूट देण्यासाठी कोणतंही वस्तुनिष्ठ कारण सापडत नाही. कारण नाही, तर सूट काढायला हवी होती. आयोगाने उद्योगाला एक वर्ष दिलं: तुम्हीच ठरवा, तुम्हीच सांगा. २०१८ मध्ये उद्योगाने आपला प्रस्ताव दिला. बिअरवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी घटक आणि कॅलरी आपणहून छापायला सुरुवात केली, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण आपणहून छापणारा उद्या आपणहून थांबूही शकतो. ज्याने छापलं नाही त्याला विचारणारं कोणी नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्करोगाविरुद्धच्या युरोपीय योजनेत आयोगाने पुन्हा शब्द दिला. घटक आणि पोषणाच्या सक्तीचा प्रस्ताव २०२२ संपण्याआधी, आरोग्याच्या इशाऱ्याचा २०२३ संपण्याआधी. दोन्ही वर्षं संपली. २०२४ मध्ये त्या आयोगाची मुदतही संपली. एकही प्रस्ताव आला नाही.

वाईनचं प्रकरण वेगळं झालं, आणि त्यात बरंच काही दडलेलं आहे. वाईनचे नियम युरोपात शेतीच्या कायद्यात बसतात. त्यामुळे लेबलचा प्रश्न आरोग्य समितीकडे न जाता सामाईक कृषी धोरणाच्या सुधारणेत शिरला. डिसेंबर २०२१ मध्ये नियम झाला आणि ८ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला. वाईनला आता घटक आणि पोषण सांगणं बंधनकारक आहे. हा विजयच. पण कसं सांगायचं? बाटलीवर फक्त ऊर्जेचा आकडा आणि ॲलर्जीचे पदार्थ छापले तरी चालतात. बाकी सगळं क्यूआर कोडच्या मागे. म्हणजे दुकानात उभं राहून, फोन काढून, कॅमेरा धरून, रेंज असेल तर, बाटलीत काय आहे ते पाहायचं. ज्याच्या डोळ्यांना चष्मा आणि हातात साधा फोन आहे अशा म्हाताऱ्या माणसाने काय करायचं, हे त्या नियमात कुठेच नाही.

एक गोष्ट चांगली केली. त्या कोडच्या पानावर जाहिरात करायची नाही आणि उघडणाऱ्याची माहिती गोळा करायची नाही, अशी अट घातली. कोणी तरी समितीच्या टेबलावर खरंच डोकं लावलं होतं, हे अशा अटींवरून कळतं. मग नियम लागू व्हायला दोन आठवडे उरले असताना आयोगाने खुलासा काढला: कोडच्या शेजारी नुसतं 'आय' हे अक्षर चालणार नाही, 'घटक' हा पूर्ण शब्द हवा. तोवर अनेकांची लेबलं छापून झाली होती. वाईनवाले संतापले, आणि त्यांचा संताप रास्त होता. नियमाचा आग्रह धरणाऱ्याने नियम वेळेवर आणि स्पष्ट सांगायलाच हवा. दरवर्षी वेगळं पीक येणाऱ्या छोट्या द्राक्षबागेच्या मालकाला लेबल बदलायला मोठ्या कंपनीपेक्षा जास्त त्रास होतो, हेही खरं. त्यासाठी मुदत वाढवा, खर्चाला मदत करा. पिणाऱ्याला अंधारात ठेवायला ते कारण पुरत नाही.

आणि इशारा? अल्कोहोल कर्करोग घडवतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच पहिल्या गटात नोंदवलं. तंबाखू त्याच गटात आहे. युरोपीय संसदेने २०२० मध्ये कर्करोगासाठी खास समिती नेमली. तिचा अहवाल लिहिला व्हेरोनिक त्रिये-लेन्वार यांनी. त्या ल्यों शहरातल्या कर्करोगतज्ज्ञ होत्या, २०२३ मध्ये त्या वारल्या. समितीने डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल मंजूर केला आणि त्यात दारूच्या लेबलवर आरोग्याचा इशारा असावा याला पाठिंबा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये अहवाल पूर्ण सभागृहात आला. तिथे दुरुस्त्या लागल्या. इशाऱ्याच्या जागी 'बेताने आणि जबाबदारीने पिण्या'ची माहिती बसली. 'अपायकारक' पिणं वेगळं आणि बेताचं पिणं वेगळं, ही रेघ ठळक झाली. तज्ज्ञांना बोलावून, महिने घालवून समितीने जे तयार केलं, ते एका मतदानात पातळ झालं. वाईन पिकवणाऱ्या देशांचे खासदार यात पुढे होते, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मतदारसंघातल्या शेतकऱ्याचा विचार करणं हा गुन्हा नाही. पण त्याच मतदारसंघात यकृताचे आणि स्तनाच्या कर्करोगाचे रुग्णही राहतात. त्यांच्यासाठी कोणी दुरुस्ती मांडली?

आयर्लंड एकटं पुढे गेलं. २०१८ चा कायदा, मे २०२३ मध्ये नियम, मे २०२६ पासून सक्ती. बाटलीवर कॅलरी, अल्कोहोलचे ग्रॅम, गरोदरपणाचं चिन्ह, आणि दोन सरळ वाक्यं: दारूने यकृताचे आजार होतात, आणि दारूचा जीवघेण्या कर्करोगांशी थेट संबंध आहे. इटली, फ्रान्स, स्पेन यांनी हरकत घेतली. सामाईक बाजारपेठ तुटेल, एका छोट्या देशासाठी वेगळं लेबल कसं छापायचं, अशी तक्रार झाली. आयोगाने नियम अडवला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. मग जुलै २०२५ मध्ये व्यापारातल्या अस्थिरतेचं कारण देऊन आयरिश सरकारनेच माघार घेतली आणि सक्ती सप्टेंबर २०२८ वर ढकलली. काही कंपन्यांच्या बाटल्या तोवर नव्या लेबलसह दुकानात आलेल्याही होत्या. म्हणजे छापणं जमत होतं.

वेगळं लेबल छापणं जमत नाही हा दावा तर मुळातच टिकत नाही. अमेरिकेत १९८९ पासून प्रत्येक बाटलीवर सरकारी इशारा लागतो, परदेशातून आलेल्या बाटलीवरही. बोर्दोची वाईन, स्कॉटलंडची व्हिस्की, सगळे तो इशारा छापून तिकडे पाठवतात. फ्रान्सने स्वतः २००७ पासून आपल्या बाजारातल्या बाटल्यांवर गरोदर बाईचं चिन्ह किंवा इशारा सक्तीचा केला आहे. आणि आपल्याकडे? अन्नसुरक्षा प्राधिकरण 'एफएसएसएआय'च्या २०१८ च्या नियमांनी, एप्रिल २०१९ पासून, दारूच्या प्रत्येक बाटलीवर 'मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे, पिऊन गाडी चालवू नका' या आशयाचा इशारा अनिवार्य झाला. नाशिकच्या वाईनवर तो असतो. न्हावाशेवा बंदरात उतरणाऱ्या युरोपीय वाईनवरही तो असावाच लागतो, मग स्टिकर चिकटवून का होईना. भारतात विकताना जी गोष्ट त्या कंपन्या निमूटपणे सांगतात, ती त्यांच्याच गावातल्या माणसाला सांगायला त्यांची हरकत आहे.

आपली लेबलं आदर्श आहेत असं मी म्हणत नाही. वेफर्स आणि बिस्किटांच्या पुड्यांवर दर्शनी भागात मीठ-साखरेचा इशारा कसा द्यायचा, हा वाद 'एफएसएसएआय'च्या सप्टेंबर २०२२ च्या तारांकनाच्या मसुद्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथेही तीच खेच आहे: समिती, मुदत, मुदतवाढ. म्हणून युरोपचं हे प्रकरण आपण बारकाईने वाचावं. उद्योगाची दडपणाची रीत सगळीकडे सारखीच असते. नको असलेली ओळ खोडून टाका असं कोणी म्हणत नाही, अजून थोडा अभ्यास करू या म्हणतात.

२०२५ पासून युरोपीय संसदेत सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र, पूर्ण दर्जाची समिती आहे. पूर्वी ती पर्यावरण समितीच्या पोटात होती. तिच्या हातात आयोगाला बोलावून जाब विचारायचा अधिकार आहे. तिने वाईन, बिअर, स्पिरिट असे तुकडे न पाडता कलम १६ ची सूटच काढून टाकण्याची मागणी उचलून धरावी. आयुक्तांना समोर बसवून विचारावं की २०२२ पर्यंत येणारा प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहे, तो कोणी थांबवला आणि नवी तारीख कोणती. उत्तर जाहीर बैठकीत, कॅमेऱ्यासमोर घ्यावं. आणि तारीख मिळाली की ती सप्टेंबर २०२८ च्या आधीची आहे का, ते आयर्लंडच्या खासदारांनी तिथेच तपासून पाहावं.