एका अपात्र अविवाहिताचा खुला अर्ज

हरियाणा राज्याच्या समाजकल्याण खात्याचे सचिव महोदय यांस,



जुलै 2023 मध्ये आपल्या राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री श्री. मनोहरलाल खट्टर, जे स्वतः अविवाहित असल्याने प्रस्तुत विषयातील अधिकारी पुरुष मानावे लागतात, त्यांनी 45 ते 60 या वयाच्या आणि वार्षिक 1,80,000 रुपयांहून कमी उत्पन्नाच्या अविवाहित स्त्रीपुरुषांस दरमहा 2,750 रुपयांचा तनखा जाहीर केला, तेव्हा गुरुग्राम मुक्कामी राहणाऱ्या, वयाने पात्र परंतु उत्पन्नाने अपात्र अशा या मराठी अर्जदाराचा ऊर अभिमानाने भरून आला. ज्या अवस्थेपायी दिल्लीतील मराठी मंडळींत, कोजागिरीच्या दुधापासून गणेशोत्सवातील महाप्रसादाच्या पंगतीपर्यंत, ‘अजून कुठं जमत नाही का हो?’ या एकाच प्रश्नाने आमची उलटतपासणी होत आली, त्या अवस्थेची अखेर सरकारी दफ्तरात नोंद झाली, हे काही लहानसहान भाग्य नव्हे.

हे भाग्य किती उशिरा उगवले हे कळण्यासाठी थोडे मागे जाणे प्राप्त आहे. सन 1955 च्या अर्थसंकल्पात आमचेच चिंतामणराव देशमुख यांनी प्राप्तिकराची माफीमर्यादा, जी तोवर दीड हजार रुपयांची होती, ती विवाहितांसाठी दोन हजारांवर चढवली आणि अविवाहितांसाठी एक हजारावर उतरवली. म्हणजे ज्याच्या घरी स्वयंपाकाला कोणी नाही, त्याच्याच ताटातली एक पोळी सरकारने उचलली. अर्थमंत्री महोदय स्वतः 1953 मध्ये दुर्गाबाईंशी विवाहबद्ध झाले होते, आणि त्या विवाहाला साक्षीदार म्हणून खुद्द पंतप्रधान नेहरूंची स्वाक्षरी होती. एवढ्या विद्वान, संस्कृतज्ञ व निःस्पृह गृहस्थाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे पातक मी करणार नाही. नवविवाहितांस आपले सुख सर्वांनी भोगावे अशी जी उत्कट इच्छा होते, तिला अर्थखात्याची जोड मिळाल्यास काय घडते एवढेच मी नोंदवतो. त्यातल्या त्यात समाधान असे की रोमचा ऑगस्टस बादशहा याहून कठोर होता: त्याच्या अमलात इ.स. 9 मध्ये अविवाहितांच्या वारसाहक्कावर टाच आणणारा जो कायदा झाला, तो ज्या दोन कॉन्सलांच्या नावाने ओळखला जातो, ते दोघेही अविवाहितच होते.

तेव्हा दंडाकडून दानाकडे हा प्रवास स्वागतार्हच आहे. तथापि, महोदय, आपण हे दान ज्या मुद्रेने देता, ती मुद्रा मात्र मला खटकते. वृद्ध, विधवा आणि दिव्यांग यांच्याच पंक्तीत आपण आम्हांस बसवले आहे. म्हणजे दारिद्र्यासोबत आमच्या एकटेपणाचीही आपणांस कणव आली आहे. दारिद्र्याविषयी माझे काहीच म्हणणे नाही. परंतु एकटेपणाची कणव करण्यापूर्वी आपल्या खात्यातील एखाद्या विवाहित अव्वल कारकुनास एका रविवारी माझ्याकडे पाठवावे, अशी नम्र सूचना आहे. जानेवारीच्या धुक्यात दहा वाजेपर्यंत रजईत पडून राहावे आणि कोणाच्याही कपाळावर आठी उमटू नये. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत घडी न मोडलेल्या स्थितीत हाती यावे. पोह्यांत मटार किती घालावेत याविषयी मतभेदास जागाच नसावी. दुपारी मनात आले म्हणून मेट्रोने मंडी हाऊस गाठून, नाटक कोणते आहे हे न पाहताच तिकीट काढावे आणि ते भिकार निघाल्यास मध्यंतरात उठून बंगाली मार्केटात चाट खावी, आणि या संपूर्ण दिनक्रमाचा हिशेब रात्री कोणासही सादर करावा लागू नये, हे सुख ज्याने चाखले त्यास तनख्याची भर ही केवळ दक्षिणा होय.

या सुखास दोनच गालबोटे आहेत. आपल्या राज्यात या योजनेचा लाभ परिवार पहचान पत्राविना मिळत नसल्याने, अविवाहितास आपले अविवाहितपण आधी कुटुंबाच्या दाखल्याने सिद्ध करावे लागते; या व्यवस्थेतील विनोद हेतुपुरस्सर असेल तर तो करणाऱ्या अधिकाऱ्यास बढती द्यावी. दुसरे गालबोट घरमालकांचे. गुरुग्राम, नोएडा किंवा दिल्ली, कोठेही जा, ‘फक्त फॅमिलीसाठी’ ही पाटी ठरलेली. प्रत्यक्षात 2002 ते 2004 या काळात देशाचे राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम आणि पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी हे दोघेही अविवाहित होते, आणि त्यांतील एकास तर 340 खोल्यांचे राष्ट्रपती भवन विनातक्रार राहावयास मिळाले होते. मला दोन खोल्यांसाठी चारित्र्याचे जामीनदार आणावे लागले.

येथवर थट्टा झाली. आपल्या तनख्याचे बहुतेक धनी माझ्यासारखे रजईतले सुखवस्तू नाहीत, हे मी जाणतो. ते ज्या काळी जन्मले त्या काळच्या, 1971 च्या जनगणनेत आपल्या राज्यात दर हजार पुरुषांमागे 867 स्त्रिया होत्या. गर्भजलपरीक्षेची वा सोनोग्राफीची यंत्रे तेव्हा गावोगावी पोहोचलीही नव्हती, म्हणजे हे काम यंत्राविना, निव्वळ हेळसांडीने उरकले गेले होते. ज्याच्यापाशी जमीन नाही, नोकरी नाही, त्याच्या वाट्याला त्या उणिवेतून नवरी कोठून यावी? मुली गमावल्या गावाने आणि पोटगी देते सरकार. आम्ही मराठी लोकांनीही नाक वर करण्याचे कारण नाही. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात नवरी मिळेना म्हणून बाशिंगे बांधलेले नवरदेव घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर गेले होते, आणि त्यांनी दिलेल्या निवेदनात गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी मागितली होती. वरात कचेरीपर्यंतच गेली. आणि महोदय, आपल्या राज्याच्या 2011 च्या जनगणनेतील सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्रमाण हजार मुलग्यांमागे 834 मुली असे आहे. ही मुले 2050 च्या आसपास पंचेचाळिशी गाठू लागतील. त्या सुमारास आपल्या वारसदार सचिवांच्या टेबलावर अर्जांचा जो ढीग पडेल, त्याची तरतूद खजिन्यात आतापासूनच करून ठेवणे शहाणपणाचे.

माझ्यापुरती मागणी साधी आहे. अर्जाच्या नमुन्यात ‘अविवाहित राहण्याचे कारण’ असा एक रकाना घालावा, आणि ‘स्वखुशी’ असे लिहिणाऱ्यास रक्कम बिलकुल न देता केवळ शिक्कामोर्तब केलेली एक सनद द्यावी, की सदरहू इसम राजीखुशीने, शुद्धीवर राहून अविवाहित आहे, तरी त्यास कोणीही स्थळ सुचवू नये व घर नाकारू नये. शिक्का ठसठशीत असावा. आमच्या मंडळातील काकूंचा चष्मा जाड आहे.

आपला,
उत्पन्नाने अपात्र, वृत्तीने पात्र असा एक रहिवासी

ता. क.: लग्न होताच तनखा बंद होतो, असा नियम असल्याचे समजले. म्हणजे लग्नापायी आता दरमहा तनख्याएवढा भुर्दंड बसणार. चिंतामणरावांचा हिशेब बरोब्बर उलटा झाला आहे. एवढी एक नोंद कृपया अर्थखात्याकडे परस्पर रवाना करावी.