जुडगा हातात, नोंद कुठेच नाही

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका रो-हाउसच्या गेटवर ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी. खालच्या नंबरवर फोन लावला की येतो तो घरमालक नव्हे. मालक पुण्यात, नाहीतर दुबईत. येतो तो घर सांभाळणारा. त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा, प्रत्येक किल्लीला चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने घर नंबर. सिल्लोडहून विद्यापीठात शिकायला आलेला पोरगा दोन महिन्यांचं डिपॉझिट त्याच्या हातावर ठेवतो. पावती म्हणजे वहीच्या कागदावरची सही.

वर्षाने खोली सोडताना सांभाळणारा म्हणतो, ‘पैसे मालकाकडं दिलेत.’ मालक फोनवर म्हणतो, ‘तिथलं सगळं तेच बघतात.’ या टोलवाटोलवीत पोराचे पैसे बुडतात.

घर विकण्याला मात्र नियम आहेत. रेरा नोंदणीच्या प्रकल्पातला फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटला २०१६ च्या स्थावर संपदा (रेरा) कायद्याने नोंदणी सक्तीची आहे. २०२३ मध्ये महारेराने त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. नोंदणीविना धंदा केला तर दिवसाला १०,००० रुपये दंड होतो. पण तो कायदा विक्रीपुरता. विक्रीचा व्यवहार एकदाच होतो. भाडं दर महिन्याला हात बदलतं. तरी दुसऱ्यांची दहा घरं सांभाळणाऱ्याला ना परवाना, ना परीक्षा.

भाडेकरूकडून मात्र आधार, फोटो, गावचा पत्ता सगळं घेतलं जातं. त्याची माहिती पोलिस ठाण्यात जाते. ज्याच्याकडे दहा घरांच्या किल्ल्या, त्याची चौकशी कोणीच करत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं: भाडेकरार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा बाजारातला समज महाराष्ट्रात साफ खोटा आहे. तरीही बजाजनगरपासून बीड बायपासपर्यंत नोटरीच्या शिक्क्यावर काम भागवलं जातं, आणि मालकाच्या जागी सही ठोकणाऱ्याकडे मुखत्यारपत्र आहे का, हे कोणी विचारत नाही.

उपाय तयार आहे. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात मालमत्ता सांभाळणाऱ्याची व्याख्या आहे. त्याला कोणत्या कामाचा आणि किती मुदतीचा अधिकार दिला, हे मालकाने भाडेकरूला कळवायचं. भाडं घेतलं की सांभाळणाऱ्याने पावती द्यायची. पण तो केवळ नमुना आहे. कायदा राज्याने करायचा असतो. महाराष्ट्राने एवढा भाग तरी उचलावा आणि त्याला नोंदणीची जोड द्यावी. फी नाममात्र ठेवा. निवृत्तीनंतर चार खोल्या इमानदारीने बघणाऱ्या कामगाराला ती जड जाऊ नये. नोंदणीने त्याची पत वाढेल. अडचण फक्त लबाडाची होईल.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर घर बघायला जाल तेव्हा आधी मालकाचं अधिकारपत्र मागा. डिपॉझिट मालकाच्या बँक खात्यावरच भरा. करार नोंदवल्याशिवाय सामान हलवू नका. आणि परगावच्या मालकांनो, किल्ली दिली म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. त्या पोराचं डिपॉझिट परत करणं तुमचंच काम आहे.