गेटपुरतं की कामाला?

रोह्याच्या धाटाव एमआयडीसीतल्या कुठल्याही कंपनीच्या गेटवर पाच मिनिटं उभं राहून बघा. सिक्युरिटीवाला आत जाणाऱ्या माणसाकडे बघत नाही, त्याच्या डोक्यावर बघतो. हेल्मेट आहे, गॉगल आहे, बूट आहेत, मग माणूसही असणारच, दिला गेटपास. रोह्यात पोलिसांची सलामी मिळते ती ग्रामदैवत धावीर महाराजांना, पालखीच्या वेळी. बाकी वर्षभर सगळा मान हेल्मेटला.

आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. रेलिंग, जिने, पाइपांचे सपोर्ट, आणि कंपनीत शटडाउन लागला की आतली सटरफटर कामं. माणसं म्हणजे मी, भागीदार असलेले मेहुणे, वेल्डिंगवाले काका आणि ग्राइंडर मारणारी पोरं. खरेदीखातं मेहुण्यांकडे. ते त्यांना कोणी दिलेलं नाही. पण कोथिंबिरीच्या जुडीवर कढीपत्ता फुकट घेतल्याशिवाय न हलणारा माणूस घरात असताना खरेदी दुसऱ्याने करणं बरं दिसत नाही.

तर मेहुणे सकाळची दिव्याची गाडी पकडून पनवेलला उतरले, तिथून लोकलने मशीदला गेले आणि नागदेवी स्ट्रीटवरून गॉगल, मास्क आणि बूट असा माल घेऊन संध्याकाळी विजयी मुद्रेने परतले. गॉगल चाळीस रुपयाला एक.

"आयएसआय आहे ना?" मी विचारलं.

"आयएसआय टाइप आहे," मेहुणे म्हणाले.

या 'टाइप'मध्ये सगळं आलं. खऱ्या आयएसआय चिन्हाच्या डोक्यावर मानकाचा नंबर असतो. डोळ्यांसाठी आयएस 5983, हेल्मेटला आयएस 2925, सेफ्टी शूजना आयएस 15298. चिन्हाखाली परवान्याचा सीएम/एल नंबर असतो. तो मोबाइलवरच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कारखानदाराचं नाव-गाव समोर येतं. आमच्या गॉगलवर नुसतीच तीन अक्षरं होती. काकांनी अंगठा ओला करून घासलं, तर त्यातली दोनच राहिली.

आता ग्राइंडर म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे मारतो. हिशेब केला तर चकतीच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या पुढे जातो. कोकण रेल्वे आमच्या रोह्यापासून सुरू होते, पण तिच्यावरून या वेगाने अजून काही गेलेलं नाही. चकतीचा तुकडा उडाला तर तो ज्या वेगाने येतो तो हा, आणि त्याच्या आड उभा आमचा चाळीस रुपयांचा टाइप. चांगल्या गॉगलची काच पॉलिकार्बोनेटची असते. मार बसला तर ती दबते, खरवडते, पण सहसा फुटत नाही. आमची काच कशाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. एक गॉगल टेबलावरून फरशीवर पडला आणि काचेला या कडेपासून त्या कडेपर्यंत चीर गेली. पोरगा म्हणाला, "बरं झालं शेठ, मी आत नव्हतो."

त्यात आपली कोकणची हवा. जून उजाडला की गॉगल लावल्यापासून दोन मिनिटांत आत वाफ धरते. हवा खेळायला भोकं हवीत. आमच्या गॉगलला भोकांच्या जागी भोकांचे ठसे होते. मग पोरं करायची काय, तर गॉगल कपाळावर चढवायची. कपाळ एकदम सुरक्षित. सेफ्टी ऑफिसर लांबून येताना दिसला की सगळ्यांच्या भुवयांवरून एकदम गॉगल खाली, तो वळला की वर. लग्नात अंतरपाटसुद्धा एवढा वर-खाली होत नाही.

बुटांचं प्रकरण वेगळंच. सेफ्टी शूजच्या पुढच्या टोपीने 200 ज्यूलचा दणका सोसायचा असतो, म्हणजे 20 किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडलं तरी बोटं शाबूत राहिली पाहिजेत. आमच्या टोप्या चांगल्या होत्या, तक्रार नाही. पण पीयूचा सोल गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिला की हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. वरून दिसायला कोरा, पाय टाकला की भुगा. काका नवे बूट घालून गेटपासून बॉयलर हाउसपर्यंत चालत गेले आणि मागे काळ्या चुऱ्याची रांग लागली. पोहोचले तेव्हा टोपी होती, वरचं कातडं होतं, तळाशी काकांचे मोजे होते.

मास्क मात्र मेहुण्यांनी हुशारीने खपवायचं ठरवलं. पेणजवळ हमरापूरला आमचा आतेभाऊ गणपतीच्या कारखान्यात आहे. तिथे प्लास्टरच्या मूर्ती पॉलिश पेपरने घासतात तेव्हा उंदीर कुठला आणि कारागीर कुठला ते ओळखू येत नाही. आतेभावाने मास्क चढवला, रबर कानामागे ओढलं, रबर त्याच्या हातात आलं. दुसऱ्याचंही तेच. "दादा," तो म्हणाला, "माझा गमछा बरा आहे. बाप्पाच्या डोळ्यांची आखणी करताना हे रबर तुटून चेहऱ्यावर बसलं, तर बाप्पा तिरळा बघेल."

माल परत करायचा ठरला. दुकानदाराचा फोनवरचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. फुटलेला गॉगल तो घेणार नाही, कारण तो वापरलेला. न फुटलेला घेणार नाही, कारण त्यात बिघाड काय? आणि बूट घालून चालायचे असतात हे मान्य, पण घालून चालल्यावर ते जुने झाले ना! अलिबागच्या ग्राहक आयोगाचा विषय निघाला. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, हे ऐकून मेहुण्यांना तो मार्ग फार पसंत पडला. पण धंद्यासाठी घेतलेला माल 2019 च्या ग्राहक कायद्यात बसत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतला असेल तरच बसतो. आमच्यात स्वतः राबून पोट भरणारे कोण, या प्रश्नावर मेहुण्यांनी विषय बदलला.

शेवटी मीच त्यांच्याबरोबर नागदेवीला गेलो, पोतं घेऊन. दुकान दोन हात रुंद, त्यात शेठ, शेठचा मुलगा आणि छतापर्यंत खोकी. वाद घातला नाही. पिशवीतून ग्राइंडर काढला, गल्ल्यापाशी प्लगला लावला आणि पोत्यातला एक गॉगल शेठपुढे धरला. "शेठ, तुम्ही हा लावा. मी समोर लोखंड घासतो. तुम्हाला काही झालं नाही, तर पोतं उचलून परत नेतो."

शेठने गॉगलकडे बघितलं, ग्राइंडरकडे बघितलं. मग अतिशय शांतपणे, काहीच घडलं नसल्यासारखं, मेहुण्यांना विचारलं, "साहेब, तुम्ही तेव्हा बोलला का नाही? तुम्हाला गेटपुरतं पाहिजे होतं की कामाला?"

म्हणजे दोन फळ्या होत्या. समोरची गेटची, मागची कामाची. शेठला कोणाला फसवायचं नव्हतं. येणारी दहातली नऊ गिऱ्हाईकं गेटपुरतंच मागतात, असं त्याचं म्हणणं. मला ते खोटं वाटलं नाही. मार्चच्या 4 तारखेला सुरक्षा दिनाची शपथ घेताना छातीला लावतात ते बिल्लेसुद्धा आमच्या गॉगलपेक्षा मजबूत असतात. शेठने पोतं ठेवून घेतलं, फरक लावला, मागच्या फळीवरचा माल काढून दिला. वर आयएस नंबर, खाली सीएम/एल नंबर, आत वाफ न धरणारी काच. अ‍ॅपमध्ये नंबर टाकला तर कारखान्याचा पत्ता खरोखर आला. मेहुण्यांनी फरकावरही घासाघीस करून इअरप्लगची डबी फुकट मिळवली.

सोमवारी पोरांना नवे गॉगल वाटले. खूश झाली, एकमेकांचे फोटो काढले. बुधवारी बघतो तर एकाच्याही तोंडावर गॉगल नाही. एकाचा मोटारसायकलच्या हँडलला. पोरगा तो लावून कोलाडला जातो, पोरींना बरा दिसतो. दुसऱ्याचा घरी, बहीण कांदा चिरताना लावते. काकांनी तर आपला डबीतून काढलाच नव्हता.

"काका, अहो, लावा की!"

"शेठ, एवढा भारी माल, कामात वापरून खराब कशाला करायचा?" काका म्हणाले. "ते आधीचे चाळीसवाले असतील तर बघा ना."