लांब धाग्याचे काकाजी

तालुक्याला नाव केळापूरचं, पण कचेऱ्या, बाजार, कोर्ट सगळं पांढरकवड्यात. त्यामुळे हायवेच्या कडेला असलेल्या आमच्या केळापुरात लोक येतात ते फक्त जगदंबेच्या दर्शनाला. दर्शन झालं की नारळ फोडून लगेच निघावं, असा माझा सल्ला आहे. देवळासमोर घुटमळलात आणि तोंडातून चुकून एखादी गाण्याची ओळ गुणगुणलात, तर काकाजी तुम्हाला घरी घेऊन जातील. मग तुमची शेवटची एसटी गेलीच म्हणून समजा.

काकाजी कापसाचे ग्रेडर होते. 1972 साली कापसाची एकाधिकार खरेदी योजना आली, तिच्या भरात ते नोकरीला लागले आणि कापसाच्या ढिगापुढे उभं राहण्यात त्यांचा जन्म गेला. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या बोटांत ओढायचा, धाग्याची लांबी डोळ्यांनी मोजायची आणि ग्रेड सांगायची. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, ढीग गेला, पण बोटांची सवय गेली नाही. आता ते गाणं ओढून पाहतात.

कोणतीही नवी रेकॉर्ड हातात आली की ती आधी वाजवायची नाही. खिडकीपाशी जाऊन उजेडात तिरपी धरायची. मग एक डोळा मिटून, "हे पाय बापू, इथं पांढरी पडली. लग्नाच्या लाऊडस्पीकरवर वाजली आहे. कवडी!" कवडी म्हणजे किडका, डागी कापूस. सुनेनं मोबाइलवर एक रिमिक्स लावलं तेव्हा काकाजींनी पहिल्या दहा सेकंदांतच निकाल दिला, "फरदड." ज्यांच्या घरी कापूस नाही त्यांच्यासाठी सांगतो: वेचणी संपली तरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, उपटायची नाही, पाणी देऊन पुन्हा बोंडं धरवायची, ती फरदड. तिच्यात माल कमी आणि गुलाबी बोंडअळी जास्त. रिमिक्सचं इतकं नेमकं वर्णन मी कोणत्याही संगीत समीक्षकाकडून ऐकलेलं नाही.

लाखेच्या जुन्या 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डवर त्यांचा विशेष जीव. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तेवढ्यात आलाप, बंदिश, ताना, सगळं बसवायचं. "दाबलेली गाठ आहे ही," काकाजी म्हणतात. "खोलीभर रुई प्रेसमध्ये घालून एकशे सत्तर किलोची गाठ बांधतात ना, तसं अब्दुल करीम खाँसाहेबांनी अख्खा राग दाबून बसवला." त्यांच्या मते मैफलीतला ख्याल म्हणजे जिनिंगच्या आवारातला मोकळा ढीग. दिसायला डोंगर, पण आत ओलावा किती ते हात घातल्याशिवाय कळत नाही. 1902 साली कलकत्त्यात गौहरजाननं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं. तबकड्या छापून यायच्या जर्मनीहून, तिथल्या कारागिराला लेबलावर कोणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून. हे सांगताना काकाजींचे डोळे चमकतात. "गाठीवर मार्का मारला बाईनं! मार्क्याशिवाय गाठ गेली की पेमेंट अडकते."

त्यांची सर्वांत आवडती माहिती वेगळीच आहे. ती प्रत्येक पाहुण्याला सांगितली जाते, मला आजवर निदान चाळीस वेळा. लाख हा किडा तयार करतो आणि तो किडा पळसावर, बोरीवर, कुसुमावर राहतो. टिपेश्वरच्या जंगलाकडे हात करून काकाजी म्हणतात, "अब्दुल करीम खाँ आधी आपल्या पळसावर होते, मंग कलकत्त्याले गेले." यावर काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही.

साफसफाईचा सोहळा तर पाहण्यासारखा असतो. कोमट पाणी, दोन थेंब साबण, गोल गोल, खाचेच्या दिशेनं. पुसायला चष्म्याचं मऊ फडकं. मी एकदा भोळेपणानं कापसाचा बोळा पुढे केला. काकाजी असे मागे सरले, जणू मी विंचू धरला होता. रुईचा तंतू खाचेत बसतो म्हणे. ज्या माणसाचं घर, गच्ची, दोन मुलींची लग्नं, सगळं कापसावर झालं, तो रेकॉर्डला कापूस शिवू देत नाही.

खरा कहर उन्हाळ्यात. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि लाँगप्ले तबकडीचा पापड होतो. एका वर्षी पत्र्याच्या खोलीत राहिलेल्या अठरा रेकॉर्डी अशा वळल्या की सुई त्यांच्यावरून बैलगाडीसारखी जायची. तेव्हापासून एप्रिल लागला की घरातला एकुलता एक कूलर रेकॉर्डींच्या कपाटाकडे तोंड करून बसतो. काकू वऱ्हांड्यात पदरानं वारा घेतात. पण कूलरच्या दमट हवेनं कव्हरांना बुरशी धरते, म्हणून तो दर तासाला दहा मिनिटं बंद करायचा, आणि तो बंद करायला काकाजी रात्री गजर लावून उठतात. नातू तापानं फणफणला तेव्हाही ते इतक्यांदा उठले नव्हते, हे काकूंचं म्हणणं. त्यावर काकाजींचं म्हणणं असं की नातू वाकडा होत नाही.

अब्दुल करीम खाँची रेकॉर्ड ऐकून भीमसेन जोशींनी लहानपणीच घर सोडलं, ही गोष्ट काकाजी भक्तिभावानं सांगतात. काकूंनी ती एकदा पूर्ण केली, "त्यांनी रेकॉर्ड ऐकून घर सोडलं. इथं रेकॉर्डी घरात आल्या आन् आम्ही बाहेर निघालो."

त्याच भीमसेनांनी गुरूच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव हे काकाजींचं आयुष्यभराचं दुखणं होतं. सवाई डिसेंबरात, आणि कापसाची आवकही डिसेंबरात. बैलगाड्यांची रांग हायवेपर्यंत लागलेली असताना कोणता ग्रेडर पुण्याला गाणं ऐकायला जाईल? नोकरी संपली त्याच वर्षी धामणगावला जाऊन त्यांनी गाडी पकडली. सोबत मी होतो, आणि पुढे जे घडलं त्याचा मी साक्षीदार आहे.

जागा चांगली होती, भारतीय बैठक, स्टेजपासून जवळ. विलंबित सुरू झालं. बरोबर विसाव्या-बाविसाव्या मिनिटाला काकाजी उठले. मला वाटलं, पाय अवघडला असेल. मागून पुणेरी आवाज आला, "अहो, बसा!" ते बसले. पुन्हा वीस-बावीस मिनिटांनी उठले, उजवा हात पुढे करून, दोन बोटांनी हवेत काहीतरी अलगद उचलल्यासारखं करत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाँगप्लेची बाजू संपायची वेळ झाली होती, आणि माणूस रेकॉर्ड पलटायला उठत होता. तीन दिवसांत ते किती वेळा उठले ते मी मोजलं नाही, मागच्या रांगेनं मोजलं असावं. परतताना गाडीत त्यांनी निकाल दिला, "गाणं लांब धाग्याचं होतं. पण मले बाजूच सापडून नाही रायली."

त्यांच्या यादीत ग्रेड नसलेलं एकच नाव आहे. 1920 साली मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे. कापसाच्याच पट्ट्यातला माणूस, लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी करून गायला. नोकरी सांभाळून गाणं, हा काकाजींना स्वतःचाच प्रकार वाटतो, फक्त गाणं तेवढं त्यांच्याकडे नाही. वसंतरावांची रेकॉर्ड लावली की ते बोटं ओढत नाहीत. हात मांडीवर ठेवून गप्प बसतात. हायवेवरून ट्रक जातो, सुई किंचित थरथरते, तरी शिवी येत नाही. मी एकदा विचारलं, "काकाजी, याची ग्रेड कोणती?" ते म्हणाले, "हा माल विकायचा नसते बापू."

आता त्यांच्याकडे सहाशेच्या वर रेकॉर्डी आहेत. काही मुंबईच्या चोरबाजारातल्या, काही एका म्हाताऱ्या लाऊडस्पीकरवाल्याच्या. त्यांतल्या 'शोले'च्या संवादांच्या तबकडीवर गब्बरचा भाग इतका झिजला आहे की तो आता कुजबुजतो. आदिलाबादहून आलेलं एक खोकं पूर्ण तेलुगू निघालं, तेही त्यांनी धुऊन, पुसून, ग्रेड लावून ठेवलं.

तुमच्या माळ्यावर एखादी तबकडी धूळ खात पडली असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. केळापूरला जगदंबेच्या देवळाशी येऊन ग्रेडरसाहेबांचं घर विचारा, कोणीही दाखवेल. फक्त उन्हाळ्यात आणू नका. काकूंनी निरोप दिला आहे, कूलरपुढं आता जागा नाही.